तेरा फुटांचं घर घेऊन सुपीरियरच्या काठी

मला गाडी मागे घेता येत नाही. म्हणजे येते, पण कुणी बघत असलं की येत नाही. अमेरिकेत बत्तीस वर्षं गाडी चालवली ती सगळी पुढेच. दुकानाच्या पार्किंगमध्ये सरळ शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मिळेपर्यंत मी फेऱ्या मारत राहते. शिकागोला देशी किराण्याला गेलो की डेव्हन ॲव्हेन्यूवर रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी घालायची वेळ आली की मी उतरायची आणि किल्ली मिलिंदच्या हातात द्यायची. आता ती सोय राहिली नाही, कारण मिलिंद गाडी चालवत नाही.

मिलिंद माझा नवरा. नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. तो मिशिगनमध्ये नोव्हायला गाड्यांच्या ब्रेकवर तीस वर्षं काम करत राहिला आणि मी शाळेत मुलांना गणित शिकवत राहिले. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला काचबिंदू असल्याचं सांगितलं. या दुखण्यात नजरेच्या कडा आधी जातात. समोरचं स्वच्छ दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. बाजूने आलेला माणूस, पायाशी ठेवलेलं स्टूल, अर्धवट उघडं दार, यातलं काही दिसत नाही. औषधांनी त्याचा वेग कमी झालाय, पण तो थांबलेला नाही. गेल्या वर्षी एके सकाळी मिलिंदने स्वतःहून लायसन्स परत केलं, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि त्या विषयावर पुन्हा बोलला नाही.

निवृत्तीनंतर हा देश बघायचा, हे आमचं जुनं ठरलेलं होतं. तसे निघालोही. पण हॉटेल म्हणजे रोज नवी खोली, रोज नवं बाथरूम आणि रोज नवी ठेच. तिसऱ्या मुक्कामी बाथरूमच्या काचेच्या दारावर त्याचं कपाळ आपटलं. बर्फाची पिशवी कपाळाला लावून पलंगावर बसलेला मिलिंद म्हणाला, "सुजाता, मले बाहेरचं नवीन पाहिजे, आतलं नाही."

त्या एका वाक्यातून आमचा ट्रेलर जन्माला आला. गाडीमागे जोडून ओढून न्यायची चाकांवरची खोली, तिला इकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, छोटं टेबल. बाहेर रोज वेगळं गाव, आत मात्र चमच्याची जागासुद्धा तीच. नवे ट्रेलर बघून आलो. ते एसटीएवढे लांब, आत शेकोटीचं चित्र दाखवणारा टीव्ही आणि सगळीकडे डिंकाचा वास. मिलिंदला हवं होतं ते याच्या उलट. पलंगावरून हात लांब केला की शेगडी लागली पाहिजे. असे लहान ट्रेलर साठच्या दशकात बनत, आणि काही हौशी मंडळी ते पार उघडून, सडलेलं लाकूड काढून नव्याने उभे करतात, असं कळलं.

श्रूजबरीला राहणाऱ्या आमच्या लेकीला, प्राचीला, फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

"आई, आर यू सीरियस? यू कान्ट ईव्हन पॅरलल पार्क! बाबा, टेल हर ना!"

"मीच तर तिला सांगून राहिलो, घे म्हणून," तिचे बाबा म्हणाले.

इंडियाना

उत्तर इंडियानात मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आमच्यापुढे मोटारी न वापरणाऱ्या तिथल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांची घोड्याची काळी बग्गी चालली होती. तिला ओलांडायचा धीर मला झाला नाही. त्यामुळे पंधरा मिनिटं उशिरा आम्ही जुने ट्रेलर विकणाऱ्या डोरोथीच्या फाटकाशी पोचलो.

डोरोथी सत्त्याहत्तर वर्षांची. अंगात डागाळलेला निळा डगला, डाव्या अंगठ्याला पट्टी, कानामागे पेन्सिल. तिच्या शेतावरच्या मोठ्या लाकडी कोठारात गवताऐवजी ट्रेलर भरलेले होते. काहींचे नुसते सांगाडे. ती आणि तिचा नवरा मिळून ते दुरुस्त करत. नवरा गेल्यावर गेली सहा वर्षं ती एकटीच करते.

आमचा ट्रेलर दाराशी उभा होता. सहासष्ट सालचा, तेरा फुटी, पांढरा, कमरेवर मोरपंखी पट्टा. आत बर्चच्या लाकडाची मधाच्या रंगाची भिंत. दोन्ही टोकांना खिडक्या, पुढच्या खिडकीशी टेबल, मागच्या खिडकीखाली पलंग, मध्ये शेगडी. पडदे लिंबाच्या रंगाचे. मी पडद्यांवर भाळले, हे कबूल करते. नवशिक्या माणसाने जे करू नये असं सांगतात, ते सगळं मी पहिल्या पाच मिनिटांत केलं. पलंगावर बसले, शेगडीशी उभी राहिले, आणि मनातल्या मनात डबे लावून टाकले.

मिलिंद मात्र दारातून आत येऊन खाली बसला. डोळे मिटले आणि दोन्ही तळवे भिंतीवरून फिरवायला लागला. खालचा जोड, वरचा जोड, खिडकीची चौकट, पलंगाखालचा कोपरा. डोरोथी दाराला टेकून बघत होती. वीस मिनिटं तरी हे चाललं. मग मागच्या खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा थांबला. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं.

"इथे मऊ लागतंय," तो म्हणाला.

डोरोथी गुडघे धरत खाली बसली, आपला पट्टीवाला अंगठा तिथे दाबला, आणि तिचा चेहरा उतरला. "पाणी आत येतंय. हे माझ्या हातून सुटलं," ती म्हणाली. "किती लोक बघून गेले. सगळे फोटो काढतात. हात लावून बघणारा तू पहिला."

मी मिलिंदला कोपर मारलं. आपल्याकडे दोष सापडला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मग किती कमी करणार? पण मी तोंड उघडायच्या आत डोरोथी उठली. "आज मी हा विकणार नाही," ती म्हणाली. "दोन आठवड्यांनी या. भिंत उघडावी लागेल." आम्ही म्हटलं, चालेल, आम्ही करून घेऊ. ती म्हणाली, "तुम्हाला चालेल. मला नाही चालत." सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःचं काम स्वतः उघडून पुन्हा करायला निघालेली बाई मी पहिल्यांदा बघत होते. घासाघीस करायला आसुसलेल्या माझ्या जिभेची मला तेव्हा खरंच लाज वाटली.

फाटकाशी तिने विचारलं, "हा ओढणार कोण?"

मिलिंदने माझ्याकडे बोट केलं.

"मागे घेता येतं?"

खोटं बोलणार होते. पण तिने नुकतंच आपलं खरं आमच्यासमोर मांडलं होतं. "नाही," मी म्हटलं.

"मग येताना सकाळी लवकर ये," डोरोथी म्हणाली.

पुन्हा इंडियाना

शनिवारी सकाळी गावातल्या चर्चचं पार्किंग रिकामं असतं. डोरोथीने तिथे कागदी कपांच्या दोन रांगा मांडल्या. त्यांच्या मधून ट्रेलर मागे न्यायचा. ट्रेलरची गोम अशी की स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. गणिताच्या बाईला हे कागदावर अर्ध्या मिनिटात समजलं, आणि हातांना समजायला तीन तास लागले. पहिल्या तासात मी इतके कप चिरडले की डोरोथीने चर्चच्या स्वयंपाकघरातून नवी चळत आणली.

"हात स्टिअरिंगच्या खाली धर," ती म्हणाली. "वर नको. आता ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची, तिकडे हात ने. आणि हळू. त्याहूनही हळू."

तरीही वाकडं व्हायचंच. मी कपाळावर हात मारून घेतला तेव्हा ती खिडकीशी आली. "वाकडं झालं की पुढे जायचं, सरळ करायचं, पुन्हा यायचं. पन्नास वर्षं ओढणारेही तेच करतात. इथे कुणी मार्क देत नाही." मी आयुष्यभर मार्क देत आले, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलं. पण त्यानंतरच्या फेरीत एकही कप मेला नाही.

कोठारात आलो तर ट्रेलरचा तो कोपरा नवा होता, पण त्याला अजून वॉर्निश लावलेलं नव्हतं. डोरोथीने ते मुद्दाम ठेवलं होतं. "आधी तू हात लावून सांग," ती मिलिंदला म्हणाली. त्याने डोळे मिटून सावकाश सगळी मागची भिंत तपासली आणि मान हलवली. तेव्हा कुठे तिने ब्रश उचलला. व्यवहार असा झाला. बाकी कागदपत्रं होती, पण माझ्या मते व्यवहार तो.

वॉर्निश वाळेपर्यंत आम्ही तिच्या स्वयंपाकघरात गप्पा मारत दुपार काढली, आणि निघताना तिने माझं मनगट धरून एकच गोष्ट सांगितली. "जड सामान चाकांच्या पुढे. मागे कधीच नाही. मागे जड झालं, तर तू त्याला ओढणार नाहीस, तो तुला चालवेल." मी म्हटलं, लक्षात राहील.

नोव्हाय

सप्टेंबरात निघायचं ठरलं. निघायच्या सकाळी आमच्या दारात अख्खं मित्रमंडळ जमलं. आधी आम्ही दोघांनी ट्रेलरमधल्या छोट्या टेबलावर मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील घेतलं. मिलिंदचे जुने सहकारी वानखेडे आणि त्यांची बायको आमच्यासोबत दारातच हात जोडून उभे राहिले. एवढ्यात पुण्याच्या शैलाताई नारळ आणि चार लिंबं घेऊन आल्या. चाकांखाली लिंबं ठेवून गाडी काढायची, म्हणजे दृष्ट लागत नाही.

"शैलाताई, आमच्यात नसतं हो हे," मी म्हटलं.

त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग लिंबं सरबताला ठेव. नारळाची चटणी कर." शैलाताईंचं हे मला आवडतं.

आणि मग सुरू झाला खरा निरोप. मराठी माणूस प्रवासाला निघालेल्याला रिकाम्या हाताने भेटत नाही, मग तो प्रवास दर पन्नास मैलांवर सुपरमार्केट असलेल्या देशात का असेना. कुणी वीस पौंडांची तांदळाची गोणी आणली, कुणी ज्वारीचं पीठ, कुणी तूरडाळ. लोणच्याची काचेची बरणी आली, बेसनाचे लाडू आले, चकल्यांचे दोन डबे आले. वानखेडेवहिनींनी ठेचा वाटायला दगडी खलबत्ता दिला, तोही नागपूरहून सामानात आणलेला. नको म्हणायची सोय नव्हती. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही, असं कसं करणार?

"कुठे ठेवू गं?" प्रत्येक जण विचारत होता.

मागच्या पलंगाखालचा कप्पा सगळ्यात मोठा. "मागे ठेवा, मागे भरपूर जागा आहे," मी म्हणत गेले. मनगट धरून सांगितलेली गोष्ट ज्या बाईने ऐकली होती, तीच बाई हे म्हणत होती. मिलिंद तेव्हा घरात चहाच्या घोळक्यात अडकला होता. तो बाहेर आला तेव्हा पलंगावर चादर नीट घातलेली होती आणि सगळे हात हलवत होते.

आय-पंचाहत्तर

पहिला तास बरा गेला. उत्तरेकडे जाणारा हा महामार्ग सरळ आहे, दोन्ही बाजूंना झाडी, आणि मी उजव्या लेनमध्ये ताशी पंचावन्न मैलांच्या वेगाने मागच्यांचे शिव्याशाप झेलत चालले होते. मग एक भला मोठा ट्रक डावीकडून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर जरा ढकलला गेला आणि जागेवर आला. मला काही विशेष वाटलं नाही.

मिलिंद मात्र ताठ बसला. "सुजाता," तो म्हणाला, "मागून झोका येऊन राहिला."

आरशात बघितलं. ट्रेलरची शेपटी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. आता गाडीही डोलायला लागली. माझा पाय ब्रेककडे निघाला.

"ब्रेक नको!" इतक्या मोठ्याने तो माझ्यावर आयुष्यात ओरडला नव्हता. "पाय उचल. नुसता उचल. स्टिअरिंग सरळ धर, त्याच्याशी भांडू नको." आणि त्याने डावा हात पुढे नेऊन, न चाचपडता, डॅशबोर्डखालची पट्टी दाबली. त्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून हळूच कुणी धरून ओढल्यासारखं झालं. झोके लहान झाले, आणखी लहान झाले, थांबले.

पुढच्या विश्रांतीच्या जागी मी गाडी लावली, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडले. भीतीने रडले, आणि प्राचीचं बरोबर होतं या विचाराने त्याहून जास्त रडले. ज्या माणसाला जग दाखवायला निघाले, त्याला मी रस्त्यात उलटं टाकणार होते. मिलिंद उतरला, ट्रेलरला हात लावत लावत मागे गेला आणि पलंगाखालचा कप्पा उघडला. मग त्याचा आवाज आला, "अरे बाप्पा! हे काय रेशनचं दुकान भरलंस का?"

मी गेले. सगळं सांगितलं. कप्प्यात हात घालून तो एकेक वस्तू चाचपत होता आणि त्याच्या हाताला खलबत्ता लागला. त्यानंतर आम्ही दोघं ट्रेलरला टेकून इतके हसलो की शेजारच्या मोटारघरातले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ काय झालं बघायला आले. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. न विचारता त्यांनी तांदळाची गोणी खांद्यावर घेतली आणि पुढच्या टेबलाखाली नेऊन ठेवली. दगडी खलबत्ता मात्र हातात धरून ते जरा वेळ थांबले.

"हे तुम्ही प्रवासाला घेऊन जाता?"

"आमची मित्रमंडळी प्रेमळ आहेत," मी म्हटलं.

"माझ्या पहिल्या प्रवासात बायकोने शिवणयंत्र मागे ठेवलं होतं," ते म्हणाले. त्यांना लाडूंचा डबा दिला. त्यांनी तिथेच एक खाल्ला आणि डब्याचं झाकण लगेच लावून टाकलं, बहुधा बायको येण्याआधी.

पहिला मुक्काम

संध्याकाळी ट्रेलर तळावर पोचलो आणि माझी परीक्षा सुरू झाली. आमची जागा दोन पाइन झाडांच्या मध्ये. पहिल्या प्रयत्नात मी पाण्याच्या नळाकडे निघाले, दुसऱ्यात झाडाकडे. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून माणसं उठायला लागली. मला वाटलं, झालं, आता तमाशा. पण त्यांतली एक तरुण मुलगी माझ्या आरशात दिसेल अशी उभी राहिली, एक काका नळाजवळ राखण करायला गेले, आणि सगळं शांतपणे, कुणीही सल्ल्याचा पाऊस न पाडता झालं. ट्रेलर जागेवर आला तेव्हा ते आपापल्या खुर्च्यांवर परतले. टाळ्याही नाहीत. इथे ही रीतच आहे: मागे घेणाऱ्याला मदत करायची आणि त्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही.

बोलायला ते नंतर आले, ट्रेलर बघायला. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लिहायलाच हवी. आपल्या माणसांत, नागपुरात काय आणि नोव्हायमध्ये काय, नव्या ओळखीत पहिलं विचारलं जातं ते आडनाव. मग गाव. मग 'म्हणजे तुम्ही...' आणि एक छोटी थांबणूक. ती थांबणूक मी लहानपणापासून ओळखते. त्या तळावर पहिला प्रश्न होता, "ट्रेलर कुठल्या सालचा?" दुसरा, "लाकूड कुठलं?" तिसरा, "आत बघू का?" माझं आडनाव कुणालाच नको होतं. या देशातही माणसं माणसांना कशी वागवतात ते मला ठाऊक आहे, मी काही कालची आलेली नाही. पण ती संध्याकाळ फार सुखाची गेली. मी पिठलं केलं, शैलाताईंची लिंबं पिळून सरबत केलं आणि वानखेडेवहिनींच्या खलबत्त्यात ठेचा वाटला. ठेचा चाखून नळाजवळचे काका डोळ्यांतून पाणी गाळत म्हणाले, उत्तम आहे. मग अर्धा लिटर सरबत प्यायले.

आत ट्रेलरमध्ये मिलिंद माझ्याशिवाय वावरत होता. भांडी धुऊन जागच्या जागी लावत होता. चार पावलांचं घर त्याला एका दिवसात पाठ झालं होतं.

पूल

मिशिगनच्या खालच्या आणि वरच्या तुकड्यांच्या मध्ये मॅकिनॉचा पाच मैल लांब पूल आहे. इतका उंच, की घाबरणाऱ्यांसाठी तिथले कर्मचारी तुमची गाडी स्वतः चालवून पलीकडे नेऊन देतात. नुसतं सांगायचं, मला भीती वाटते. कुणी हसत नाही. भीतीची अशी सरकारी सोय मी दुसरीकडे बघितलेली नाही. मी विचार केला, सोय घ्यावी. मिलिंदला विचारलं.

"तुले वाटलं तर घे. मले काय, मी तुझ्याच बाजूला बसणार."

मी घेतली नाही. बाहेरच्या लेनमध्ये काम चालू होतं, त्यामुळे आम्हाला आतल्या लेनमध्ये वळवलं. ती नुसती लोखंडी जाळीची. चाकांखालून गुणगुण सुरू झाली आणि जाळीतून दोनशे फूट खाली पाणी दिसतं, असं लोक सांगतात. मी पाहिलं नाही. मी पुढच्या ट्रकच्या दिव्यांकडे बघत होते. मिलिंद खिडकी उघडून पाण्याचा वास घेत बसला होता आणि अधूनमधून एवढंच म्हणत होता, "सरळ आहे. मागे शांत आहे. छान चालून राहिली." पलीकडे उतरल्यावर माझी बोटं स्टिअरिंगवरून सोडवायला जरा वेळ लागला.

वरच्या मिशिगनमध्ये पास्टी खाल्ली. तांब्याच्या खाणीत उतरणाऱ्या कामगारांचा हा डबा. मैद्याच्या जाड पारीत मांस, बटाटा, कांदा आणि कंदमूळ भरून भाजलेली मोठी करंजी. कडेची जाड मुरड हातात धरायला. आमचे आजोबा गिरणीत जाताना भाकरीत ठेचा घालून फडक्यात बांधून नेत. काम करणाऱ्याच्या जेवणाला ताट लागत नाही, हे दोन्हीकडच्या बायकांनी ओळखलेलं होतं. पास्टी जरा सपक असते. आम्ही लोणच्याची बरणी उघडली.

सुपीरियर

सुपीरियर सरोवराच्या काठी जंगल खात्याचा एक लहानसा तळ आहे. तिथे आधी जागा राखता येत नाही, आणि कुणी माणूसही नसतो. रिकामी जागा बघायची, लिफाफ्यात भाडं घालून लोखंडी नळकांड्यात टाकायचं, झालं. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट की सरोवर कुठल्या बाजूला आहे तेही आवाजावरूनच कळत होतं. मदतीला कुणी नव्हतं. मिलिंद म्हणाला, मी उभा राहतो. तो जागेच्या खांबाशी उभा राहिला आणि त्या खांबाकडे आणि मागच्या चाकाकडे, तेवढ्याच दोन गोष्टींकडे, बघत राहिला. तिसऱ्या प्रयत्नात ट्रेलर सरळ आत गेला. पाऊस भुरभुरत होता. आम्ही मूगडाळीची खिचडी खाऊन लाटा ऐकत झोपलो.

सकाळी धुकं उडालं होतं. दार उघडलं आणि समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ नाहीच. डावीकडे वाळूचे उंच कडे, उजवीकडे पिवळी पडायला लागलेली बर्चची झाडं, मध्ये निळ्याचे किती प्रकार असतात ते सगळे. हा समुद्र नाही, गोडं पाणी आहे, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मी एका नजरेत सगळं पाहिलं. मग चहा केला. मिलिंदला कड्यावरच्या कठड्याजवळच्या बाकावर बसवलं आणि आवरायला आले. दहाला निघायचं होतं. पुढच्या गावची जागा राखून ठेवलेली होती.

अंथरुणं काढली, भांडी बांधली, जड सामान चाकांच्या पुढे आहे ना ते दोनदा बघितलं. ट्रेलर गाडीला जोडला, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले. एकटीने, कुणाला न विचारता. तासभर गेला असेल. हात पुसत बाकाकडे गेले.

मिलिंद तसाच बसला होता. चहा अर्धा, गार झालेला. मान अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे सरकत होती. थोडी सरकायची, थांबायची. पुन्हा थोडी सरकायची.

"निघायचं ना?" त्याने मान न वळवता विचारलं.

"काय करतोस रे?"

"पाहून राहिलो. डावीकडून सुरू केलं, ते वाळूचे कडे आहेत ना, तिथून. तिथे एक झाड मुळासकट खाली घसरलंय, ते पाहिलंस? त्याच्या पुढे पाण्यात एक पट्टा वेगळ्या रंगाचा आहे. आता त्या काळ्या खडकापर्यंत आलो."

मी ते झाड पाहिलं नव्हतं. तो पट्टाही नाही. मी एका नजरेत पाहून मोकळी झाले होते.

"किती झालं मग?"

"अर्धं असेल. राहू दे, तू जोडून ठेवलं असशील. उठतो मी."

पुढच्या वर्षी त्याच्या नजरेची ती नळी केवढी उरेल, हे डॉक्टर सांगत नाहीत. आम्ही विचारतही नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस," मी म्हटलं. "अर्धं उरलंय."

मग परत गेले, साखळ्या काढल्या आणि ट्रेलर गाडीपासून सोडवला.